जॉर्जियाने २०२२ मध्ये वेगळंच केलं

अमेरिकेत लोक पक्ष बघून अख्खी मतपत्रिका एकगठ्ठा भरतात, हे मत मला पटत नाही. नोव्हेंबर २०२२ चं तिथलं जॉर्जिया राज्य बघा. गव्हर्नरपदी रिपब्लिकन ब्रायन केम्प आरामात निवडून आले, आणि त्याच मतपत्रिकेवर सिनेटसाठी डेमोक्रॅट राफाएल वॉरनॉक रिपब्लिकन हर्शेल वॉकर यांच्या पुढे राहिले! मात्र ५० टक्क्यांचा टप्पा कुणीच न ओलांडल्याने ६ डिसेंबरला रनऑफ, म्हणजे पहिल्या दोघांतली दुसरी फेरी झाली; तीही वॉरनॉक यांनी जिंकली. निम्म्याहून जास्त मतांची ही अट मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे तिरंगी-चौरंगी लढतीत त्याहून कितीतरी कमी मतांवर आमदार होता येतं. खटकतं ते एवढंच, की २०२१ च्या कायद्याने दोन फेऱ्यांमधले ९ आठवडे ४ वर आणले. टपालाने मत देणाऱ्यांची त्यात ओढाताण होते.