शब्दचर्चा : सर्बियन, मालागासी आणि मधे आपली मराठी

सर्बियन आणि मालागासी शेजारी ठेवून बघितल्या तर हाताला फारसं काही लागत नाही, एक बाल्कनमधली स्लाव्हिक भाषा, दुसरी मादागास्कर बेटावरची, पण मधे मराठी ठेवा आणि मग एकेक शब्द घ्या, भरपूर सापडतं.

नात्यांपासून सुरू करतो. सर्बियनमधे नवऱ्याचा भाऊ म्हणजे देवेर. आपला दीर, संस्कृत देवर. बाईचा सासरा स्वेकर, तिची सासू स्वेकृवा, सून स्नाहा (बोलताना स्नाया पण म्हणतात). श्वशुर, श्वश्रू, स्नुषा डोळ्यासमोर आणा म्हणजे लगेच लक्षात येईल. आणि हे कुणी कुणाकडून उसने घेतलेले शब्द नाहीत हं, एकाच जुन्या इंडो-युरोपियन मुळातून दोन्हीकडे आपापल्या वाटेनं आलेत, आपण घासून घासून सून केली आणि त्यांनी स्नाहा ठेवली इतकाच फरक. स्वेकृवा मधे ऋ मी मुद्दाम लिहिलाय, त्यांच्याकडे र एकटाच स्वरासारखा उभा राहतो, देशाचं नावसुद्धा ते सृबिया असंच म्हणतात, मधे स्वर नाहीच. आपण ऋचा रु करून टाकला, त्यांच्या तोंडात तो उच्चार अजून रोजच्या वापरात आहे.

> मग जाऊ कुठे गेली? ती पण सापडते का?

सापडते, आणि माझ्या मते ह्या सगळ्यात भारी जोडी तीच. सर्बियनमधे जाऊ म्हणजे येतृवा. संस्कृतात यातृ. प्राकृतात सुरुवातीच्या य चा ज होतो (यात्रा–जत्रा बघा), मधला त गळतो, जाउया होतं आणि मग आपली जाऊ. मराठी शब्दाकडे नुसतं बघून येतृवाशी नातं आहे हे कुणाला वाटणार पण नाही, मधली पायरी माहीत असली की मात्र शंका राहत नाही. नणंद मात्र जुळत नाही, तिला तिकडे झाओवा म्हणतात, ते मूळ वेगळं.

आता मालागासी. तिथे सासू-सासरे दोघांनाही रफुझाना, आणि सून-जावई दोघांनाही विनान्तु, पुढे हवं तर बाई-पुरुष दाखवणारा शब्द जोडायचा. म्हणजे सासरच्या माणसांत ती भाषा कमी शब्दांत भागवते, पण भावंडांत बघा काय करते. भावाने भावाला म्हणायचं राहालाही, बहिणीने भावाला म्हणायचं आनादाही. माणूस तोच, बोलणारा बदलला की शब्द बदलला. तसंच बहिणीचं, भावासाठी ती आनाबावी आणि बहिणीसाठी राहावावी. मराठीत असं काही नाही, सर्बियनमधेही नाही. ह्या भाषेचं मूळ आफ्रिकेत नाही, आग्नेय आशियातल्या बोर्निओ बेटावर आहे, तिथल्या बारितो नदीच्या खोऱ्यातली माआन्यान भाषा ही तिची सगळ्यात जवळची, नॉर्वेचे भाषाभ्यासक ओट्टो दाल यांनी १९५१ मधे हे नीट मांडलं. अख्खा हिंदी महासागर ओलांडून गेलेली भाषा आहे ही.

इथपर्यंत वाचून वाटेल की सर्बियन घरची आणि मालागासी परकी. पण मग सर्वनामं बघा. "उद्या आम्ही नाशिकला चाललोय" आणि "उद्या आपण नाशिकला चाललोय" यात ऐकणारा गाडीत आहे की नाही हे आपल्याला एका शब्दात कळतं. सर्बियनला हे जमत नाही, तिथे दोन्हीला एकच शब्द, मी (हो, त्यांचं मी म्हणजे अनेकवचन!). मालागासीत मात्र इसिका म्हणजे आपण आणि इझाहाय म्हणजे आम्ही, अगदी चोख. मलायमधे (मलेशियाकडची, मालागासीच्याच कुळातली भाषा) पण हेच, किता आणि कामी. मराठीत ही सवय द्राविडी शेजारातून आली असं बरेच अभ्यासक मानतात, तेलुगूत मनमु-मेमु आहेच. फरक एवढाच की आपलं आपण मूळचं संस्कृत आत्मन्, म्हणजे स्वतः, त्यामुळे ते "आपण बसा" असं आदरालाही चालतं, इसिकाला ते काम नाही.

लिंगाच्या बाबतीत परत उलटं. "तो गेला, ती गेली, ते गेलं" ह्याला सर्बियनमधे इशाओ, इश्ला, इश्लो. नपुंसकलिंग दोघींकडे जिवंत आहे आणि भूतकाळाच्या क्रियापदात लिंग दिसतं ते पण सारखं. त्यातला ल बघून उडी मारू नका, आपला ल प्राकृतातल्या इल्ल वरून आलेला मानतात, त्यांचा वेगळ्या जुन्या प्रत्ययातून. मालागासीत तो-ती-ते सगळ्यांना इझी, "तुंगा इझी" म्हणजे आला, आली, आलं काहीही, आणि कर्ता शेवटी.

आकडे पण सांगतो कारण तिथे तिन्ही एकमेकींत गुंततात. बारा म्हणजे सर्बियनमधे द्वानाएस्त, फोड केली तर दहावर दोन. मालागासीत रुआ आम्बिन्नी फुलु, अर्थ तोच, दहाच्या वर दोन! काहीही संबंध नसताना. वीसनंतर सर्बियन पलटते, द्वादेसेत पेत, वीस-पाच, पण मालागासी दिमी आम्बी रुआपुलु, वीसवर पाच, म्हणजे आपल्या पंचवीससारखं एकक आधी. आणि एक लाखाला त्यांच्याकडे हेत्सी म्हणतात, तो मलायमधल्या केती वरून गेलेला आणि केती आला संस्कृत कोटी वरून, वाटेत किंमत शंभरपट कमी झाली. दहा लाखाला तापित्रिसा, म्हणजे अक्षरशः "मोजणं संपलं".

> साखरेचं काय? ती तर सगळीकडे आपल्याकडूनच गेली ना?

सर्बियात गेली. शर्करा, फारसी शकर, तुर्की शेकेर आणि मग सर्बियन शेचेर. तुर्कांच्या राज्यामुळे असे शब्द तिकडे खूप आहेत, बाग म्हणजे बाश्ता, तो आणि आपला बगीचा दोन्ही फारसी बागचा वरून. मादागास्करला मात्र हा शब्द पोचला नाही, त्यांनी घरचाच बनवला, सिरामामी. सिरा म्हणजे मीठ, मामी म्हणजे गोड. गोड मीठ! मला हा शब्द शेचेरपेक्षा जास्त आवडतो.

आता गोवा, खानदेश आणि विदर्भाकडच्यांना एक विचारायचंय, तुमच्या घरच्या बोलीत आम्ही-आपण हा भेद असाच कडक पाळतात का, की एकच शब्द दोन्हीला चालतो? आणि जावेला, दिराला वेगळा शब्द असेल तर तोही लिहा, शक्यतो घरात म्हणतात तस्साच.