मदत हवी आहे: ब्लूज जॅमसाठी कोणता माउथ ऑर्गन घेऊ?

मंडळी, नाशिकला गंगापूर रोडच्या एका बारमध्ये दर आठवड्याला ब्लूज संगीताचा जॅम असतो. येईल त्याला वाजवू देतात, वातावरण झकास! गिटारवाले बहुतेक 'ई' नाहीतर 'ए' पट्टीतच सुरू करतात. माझ्याकडे 'सी'चा दहा भोकांचा माउथ ऑर्गन आहे. ब्लूजसारखा, म्हणजे श्वास आत ओढून वाजवला की तो 'जी' पट्टीला जुळतो, म्हणून मी नुसताच टाळ्या वाजवत बसतो. 'ई'साठी 'ए'चा लागतो, 'ए'साठी 'डी'चा. बजेट एकाचंच आहे (बाकीचं बिलात जातं!). आधी कोणता घेऊ? नाशिकमध्ये कुठे मिळेल? मेन रोडला विचारलं तर चोवीस भोकांचा, हिंदी गाण्यांचा दाखवतात. आणि गायकाची ओळ संपल्यावर दोन बार (तालाचे दोन छोटे तुकडे) मोकळे मिळतात, तेवढ्यात नवख्याने काय वाजवावं?