नरक्याच्या ढलप्या परदेशात, वाटा कुणाच्या हातात?

डोंगरवाट:
आंबोली-चंदगडपासून कोयनेपर्यंतच्या जंगलात नरक्या नावाचं लहानसं झाड आहे. त्याच्या खोडामुळांत कॅम्प्टोथेसिन असतं, आणि त्यापासून टोपोटेकॅन, इरिनोटेकॅन ही कॅन्सरवरची औषधं बनतात. झाड मुळासकट उपटायचं, कुऱ्हाडीने ढलप्या पाडायच्या, वाळवून पोती भरायची आणि रातोरात गाडी घाटाखाली, असा हा धंदा. वनखात्याने पोती पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. तोडणाऱ्याला फक्त मजुरी मिळते, आणि पकडला जातो तोही तोच.

१९९२ च्या जैवविविधता करारानं प्रत्येक देशाचा आपल्या जैविक संपत्तीवरचा हक्क मान्य केला. आपण २००२ मध्ये कायदा केला. त्याच कराराखालच्या २०१० च्या नागोया प्रोटोकॉलनं पद्धत घालून दिली: आधी परवानगी, मग अटी, मग फायद्यात वाटा. पण नागोयात स्थानिक समाजाच्या पूर्वसंमतीची भाषा आहे, देशी कायद्याच्या चौकटीत का होईना. आपल्या कायद्यात मात्र गावच्या जैवविविधता समितीशी नुसती 'सल्लामसलत' करायची. माझं म्हणणं एवढंच, की ग्रामसभेने 'नाही' म्हटलं तर फांदीही तोडता येऊ नये. तुम्हाला काय वाटतं?

पर्णविज्ञानी:
साफ असहमत. नरक्याचं उदाहरण तर तुमच्या विरोधात जातं. कॅम्प्टोथेसिन १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी (हे आपल्या नंदुरबारचे) यांनी वेगळं केलं, तेही एका चिनी झाडातून. नरक्यात ते असल्याचं भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये दाखवलं. यात गावाचं ज्ञान कुठे आलं?

आणि या नियमांचा फास चोराच्या गळ्यात पडत नाही, संशोधकाच्या पडतो. मी कीटकांवर काम करणाऱ्यांबरोबर काम केलंय. आपल्याकडच्या कितीतरी प्रजातींचे मूळ नमुने, म्हणजे ज्यांवरून प्रजातीला नाव दिलं ते, लंडनच्या संग्रहालयात आहेत. एखाद्या भुंग्याची ओळख पटवायला त्यांच्याशी ताडून बघावंच लागतं, आणि मेलेला भुंगा पाठवायचा तरी कागदपत्रांचा डोंगर. २०१८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात शास्त्रज्ञांनी जाहीरपणे लिहिलं, की या करारामुळे जैवविविधतेचं संशोधनच गुदमरतंय. पोती नेणारा कुणाची परवानगी मागतो?

डोंगरवाट:
@पर्णविज्ञानी, करारात ज्ञान आणि साधन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्ञान गावाचं नसलं तरी झाड गावाच्या जंगलातलं आहे, आणि ते संपलं तर पाखरांपासून पाण्यापर्यंतचा तोटा गावालाच. भुंग्याबाबत मात्र तुमच्या बाजूचा आहे. बिगर-व्यापारी संशोधनाला सोपी वाट द्या, असं नागोयाच्या आठव्या कलमातच म्हटलंय. ती आपण दिली नाही, तर तो दोष आपल्या नियमांचा.

काढेवाला:
आमचा सांगलीकडे चूर्ण-काढ्यांचा छोटा कारखाना आहे, म्हणून राहवलं नाही. हिरडा, बेहडा, गुळवेल आम्ही अडत्याकडून घेतो. बिलावर वजन आणि भाव. माल आंबेगावचा की मध्य प्रदेशातला, हे अडत्यालाही सांगता येत नाही. मग मी वाटा कुठल्या ग्रामसभेला देऊ?

डिसेंबर २०१८ मध्ये उत्तराखंड हायकोर्टानं दिव्य फार्मसी या आयुर्वेदिक कंपनीच्या खटल्यात सांगितलं, की देशी कंपन्यांनीही वाटा द्यायचा. द्यायला हरकत नाही हो. पण पैसे राज्याच्या जैवविविधता मंडळाकडे जमा झाले की पुढे काय झालं ते कळत नाही. २०२३ च्या दुरुस्तीनं वैद्यांना आणि ग्रंथांत नोंदलेल्या ज्ञानाला सूट दिली, लागवडीच्या औषधींनाही दिली, ते योग्यच झालं. लागवड वाढली तरच जंगलावरचा ताण उतरेल.

डोंगरवाट:
लागवडीची सूट मलाही पटते. ग्रंथांतल्या ज्ञानाची नाही पटत. ग्रंथात हिरड्याचा गुण लिहिलाय म्हणून हिरडा वेचणाऱ्या बाईचा हक्क का बुडावा? हिरडा काही ग्रंथात उगवत नाही.

पाटणची सुनीता:
मी आमच्या गावच्या समितीत आहे, म्हणून प्रत्यक्ष काय होतं ते सांगते. हरित लवादानं जानेवारी २०२० ची मुदत दिली आणि सगळीकडे लोक जैवविविधता नोंदवह्यांची, म्हणजे गावात कुठली झाडं-प्राणी आहेत ते लिहायच्या वह्यांची, धांदल उडाली. आमची वही बाहेरच्या माणसांनी भरली. वाचायला घेतली तर त्यात समुद्रातले मासे! कोकणातल्या कुठल्या तरी गावाची यादी तशीच उतरवलेली. मग आम्ही बायकांनी बसून ती पुन्हा लिहिली, कुठल्या ओढ्याला कुठला कंद, कुठल्या महिन्यात काय निघतं ते.

नरक्याची जागा मात्र मुद्दाम लिहिली नाही. वही कुणाकुणाच्या हातात जाईल याचा नेम नाही. डोंगरवाटदादा, संमतीचा हक्क हवाच, पण त्याआधी वहीतलं काय उघड करायचं हे ठरवायचा हक्क आम्हाला द्या.

पर्णविज्ञानी:
सुनीताताई, हा मुद्दा मला पटला. पण संमती मिळूनही काय होतं त्याचं उदाहरण केरळात आहे. काणी आदिवासींनी शास्त्रज्ञांना आरोग्यपच्चा ही वनस्पती दाखवली, तिच्यापासून 'जीवनी' हे औषध झालं. १९९५ मध्ये कंपनीनं दहा लाख फी आणि दोन टक्के रॉयल्टी कबूल केली, त्यातला निम्मा वाटा काणींच्या ट्रस्टला. जगभर कौतुक झालं. पण वनखात्यानं पानं काढायलाच आडकाठी केली, कच्चा माल पुरेना आणि धंदा बसला.

शिवाय आता झाडही लागत नाही. जनुकांचा क्रम संगणकावर असतो, तो उतरवून घ्यायचा आणि प्रयोगशाळेत रेणू बनवायचा. ग्रामसभा नाही कुणाला म्हणणार?

डोंगरवाट:
काणींचं औषध वाटा दिल्यामुळे बसलं नाही. जंगलावरचा ताबा काणींकडे नव्हता म्हणून बसलं. माझ्या मुद्द्याला यापेक्षा चांगला पुरावा नाही.

संगणकावरच्या क्रमांचं म्हणाल तर २०२४ मध्ये कोलंबियातल्या काली शहरात त्यावरच निधी ठरला: अशा माहितीवर कमावणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा एक टक्का किंवा उलाढालीचा ०.१ टक्का द्यायचा, आणि त्यातला निदान निम्मा स्थानिक व मूळनिवासी समाजांच्या गरजांसाठी. पण तो ऐच्छिक आहे. इंडोनेशियानं २००७ मध्ये बर्ड फ्लूचे विषाणू द्यायचं थांबवलं, कारण त्यांच्याच नमुन्यांवरची लस त्यांना परवडत नव्हती. तेव्हाही विज्ञान अडलं म्हणून ओरड झाली. पण त्या अडवणुकीमुळेच फ्लूचे विषाणू आणि लसी वाटून घेण्याची जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची चौकट आली आणि लसउत्पादकांवर बंधन पडलं. नुसत्या विनंतीवर कुणी पैसे दिले नसते.

@काढेवाला, एक करता येईल. व्यापारासाठी वनौषधी काढणाऱ्यांकडून आपल्या हद्दीत शुल्क घ्यायचा अधिकार समितीला कायद्यानं आजही आहे. समितीची पावती असल्याशिवाय अडत्यानं माल उचलायचा नाही, असं ठरलं तर तुमच्या बिलावर गावाचं नाव येईल आणि पैसे मंडळाच्या वाटेला न जाता थेट गावात पडतील. तुम्ही असा माल दोन पैसे जास्त देऊन घ्याल का?

काढेवाला:
पावती खरी असेल तर घेईन. सुनीताताई, तुमच्याकडे पावती पुस्तक छापलंय का?

पाटणची सुनीता:
नाही. शुल्क किती घ्यायचं यावरच ग्रामसभेत एकमत झालेलं नाही. येत्या सभेत विषय घेते.