फुकट लिनक्स चालवणाऱ्यांवर खापर कशाला? (स्वस्त एआरएम बोर्ड, आर्मबियन वगैरे)

टर्मिनलकर:
रोखठोक यांचा परवाचा लेख वाचला आणि राहवलं नाही. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी: रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) महाग म्हणून त्यांनी रॉकचिप कंपनीच्या आरके३५८८ या एआरएम चिपचा एक बोर्ड घेतला, त्यावर एक सामुदायिक लिनक्स (आर्मबियनच्या जातीचं, स्वयंसेवकांनी फुकट बांधलेलं) टाकलं. अपग्रेडनंतर वाय-फाय गेलं. विचारल्यावर उत्तर आलं, 'या बोर्डाला सध्या मेंटेनर (सॉफ्टवेअर सांभाळणारा) नाही.' यावर साहेबांचा निकाल: "झेपत नसेल तर दुकान बंद करा."

दुकान? मग बिल दाखवा की. पैसे मोजलेत बोर्डवाल्याला आणि जाब विचारताय ज्याला छदाम दिला नाही त्याला!

पीसीवर डेबियन लिनक्सची एकच आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) कुठेही बूट होते. या बोर्डांवर तसं नाही. कुठल्या पिनेला काय जोडलंय हे कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) आपसूक कळत नाही, डिव्हाइस ट्री नावाच्या फाइलीत लिहून द्यावं लागतं. यू-बूट, म्हणजे बोर्ड सुरू करणारा प्रोग्रॅम, तोही प्रत्येक बोर्डाचा वेगळा. त्यात बोर्डाच्या पुढच्या रिव्हिजनमध्ये वाय-फायची चिप गुपचूप बदललेली असू शकते. बोर्डवाले काय करतात? चिपवाल्याने दिलेल्या कर्नलवर (आरके३५८८ला आधी ५.१०, मग ६.१) आपले पॅच थापतात, एक इमेज (कार्डावर उतरवायची तयार ओएस) कुठल्यातरी ड्राइव्हवर टाकतात आणि पुढचा बोर्ड विकायला लागतात. ते निस्तरायला मागे राहतात दोन-चार जण, नोकरी सांभाळून रात्री बसणारे.

आणि 'कंपनीच्या इमेजमध्ये सगळं चालत होतं' हे तर सांगूच नका. २०१६ आठवतंय का? ऑलविनर या चिपवाल्या कंपनीच्या ३.४ कर्नलमध्ये डीबगची एक फाइल होती, तिच्यात 'रूटमायडिव्हाइस' एवढं लिहिलं की कुठलाही युजर रूट, म्हणजे सिस्टिमचा मालक! ते चव्हाट्यावर आणलं आर्मबियनच्याच लोकांनी.

रोखठोक:
भाषण छान. मुद्दा मात्र सफाईने टाळलात. डाउनलोडच्या पानावर माझ्या बोर्डाचं नाव होतं, फोटो होता, खाली 'स्टेबल' लिहिलं होतं. नाव छापलंत म्हणजे शब्द दिलात. मेंटेनर सोडून गेला तर नाव काढा ना! यादीत बोर्डांची संख्या मिरवायची आणि अंगाशी आलं की 'आम्ही स्वयंसेवक'.

पुढची गंमत ऐका. म्हणाले लॉग पाठवा. लॉग होता रॅममध्ये. वाय-फाय गेल्याच्या संध्याकाळी लाइट गेली, लॉगही गेला. "लॉगशिवाय काही सांगता येणार नाही." विषय बंद. घ्या.

जुनंखोड:
पाय घ्यायचा आणि गप बसायचं. दोन पैसे जास्त जातात, पण रात्री झोप लागते. आयुष्यात आणखी काय पाहिजे?

टर्मिनलकर:
@जुनंखोड, काका, पायचं सॉफ्टवेअर तरी आभाळातून पडलं का? २०१२ला पाय आला तेव्हा त्याची चिप जुन्या एआरएमव्ही६ पिढीची आणि डेबियनच्या आर्मएचएफ आवृत्तीला लागायची पुढची व्ही७. सगळी पॅकेजं नव्याने कंपाइल करून रास्पबियन (पायसाठीचं लिनक्स) उभं केलं ते स्वयंसेवकांनी. तुमच्या झोपेचा पायाही फुकट्यांनीच घातलाय.

निशाचर:
पायचं कौतुक चाललंच आहे तर २०२१ विसरू नका. साधा अपडेट मारला आणि मायक्रोसॉफ्टची रेपो (सॉफ्टवेअर जिथून उतरतं ते कोठार) सिस्टिममध्ये हजर! न विचारता! आता तर २०२४पासून कंपनी लंडनच्या शेअर बाजारात. पुढे काय काय घुसवतील ते बघाच.

जुनंखोड:
आलं का मायक्रोसॉफ्ट! सेटिंगच्या फाइलीतली एक ओळ निकामी केली की रेपो बंद. पाच वर्षं तेच दळण.

वावरकर:
तुमचं कर्नल-बिर्नल राहू द्या. मुळावर येतं ते एसडी कार्ड. शेतावर पाय आहे, टाकीची पातळी बघून मोटर चालू-बंद करतो. आमच्याकडे थ्री-फेज कधी दिवसा, कधी रात्री. मधे सिंगल फेजही चार वेळा डोळे मारते. कार्ड मेलं की मोटर चालूच राहते, सकाळी बांधापर्यंत चिखल. यावर कुठल्या ओएसकडे औषध आहे ते सांगा.

टर्मिनलकर:
आहे. रूट फाइलसिस्टिम रीड-ओन्ली करा म्हणजे कार्डावर काही लिहिलंच जाणार नाही, वर ओव्हरले (बदल फक्त रॅममध्ये). पायच्या रासपी-कॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये सोय दिलेलीच आहे. लॉग रॅममध्ये ठेवतात तेही कार्ड झिजू नये म्हणूनच. आर्मबियनमध्ये तर वर्षानुवर्षं कमिट=६०० होतं, म्हणजे दहा-दहा मिनिटांनी एकदा लिहायचं.

रोखठोक:
वा! म्हणजे लाइट गेली की दहा मिनिटांचा डेटा गंगेला मिळाला. हे डिफॉल्ट ठरवणाऱ्याच्या गावात लाइट जात नसणार. इकडे येऊन एक उन्हाळा काढा म्हणावं.

टर्मिनलकर:
एफसिंक केलेला (ताबडतोब कार्डावर लिहायला लावलेला) डेटा जात नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला! एफएसटॅब या सेटिंगच्या फाइलीतली एक ओळ बदलायला कुणी हात बांधलेत?

रोखठोक:
भाषा सांभाळा. मॅन्युअल वाचूनच बोलतोय.

निशाचर:
कार्डं तरी अस्सल असतात का? ऑनलाइन सेलमध्ये ६४ जीबीचं म्हणून घेतलं, एफ३ या तपासणीच्या प्रोग्रॅमने तपासलं तर आत निम्मंही नाही. भरत जातं तोवर सगळं ठीक, पुढचं सगळं हवेत. आधी कार्ड तपासा, मग ओएसला शिव्या घाला.

वावरकर:
कार्ड ओरिजिनल आहे, बिलासकट. पाय मात्र मोबाइलच्या चार्जरवर आहे.

जुनंखोड:
तिथंच घोडं पेंड खातंय! पायवर 'व्हीसीजेनकमांड गेट_थ्रॉटल्ड' ही कमांड टाकून बघा काय येतं.

वावरकर:
०x५०००५.

जुनंखोड:
म्हणजे आत्ता या क्षणी व्होल्टेज कमी आहे आणि आधीही पडलेलं आहे. ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की पाय ही खूण करतो. चार्जरवर ५ लिहिलंय हो, पण बारीक केबलच्या दुसऱ्या टोकाला किती उरतंय? पायचा स्वतःचा अडॅप्टर ५.१चा आहे तो उगाच नाही. आखूड, जाड केबल लावा आणि छोटा डीसी यूपीएस जोडा. आणि मोटरच्या रिलेलाच स्वतंत्र टायमर द्या. पाय मेला तरी मोटर बंद झालीच पाहिजे. सॉफ्टवेअरच्या भरवशावर पाणी सोडू नका.

वावरकर:
टायमरचं पटलं. केबल मात्र दुकानदाराने 'फास्ट चार्जिंग' म्हणून दिलेली, तिचे पैसे कोण देणार?

टर्मिनलकर:
धागा माझा, विषय केबल. चालू द्या.

@रोखठोक, तुमच्या एका मुद्द्यापुरतं: मेंटेनर नसलेल्या बोर्डावर 'स्टेबल' लिहू नये. ठीक, मान्य. आर्मबियनने अशा बोर्डांचा 'कम्युनिटी' म्हणून वेगळा कप्पा केलाय तो त्यासाठीच. पण तो शब्द वाचूनही लोक 'डाउनलोड'च दाबतात, त्याचं काय करायचं तेही सांगा.

रोखठोक:
अर्धं मान्य केलंत, उपकार झाले. मीही अर्धं करतो: पुढचा बोर्ड मेनलाइन (लिनक्सच्या मूळ, अधिकृत) कर्नलमध्ये काय काय चालतं ते बघून घेईन. आता माझ्या वाय-फायचं बोला. सिरियल कन्सोल (बोर्डाच्या पिनांवरून लॅपटॉपवर येणारा मजकूर) लावला तर नुसता कचरा दिसतोय, एक अक्षर धड नाही.

टर्मिनलकर:
त्यासाठीचा यूएसबी-टीटीएल अडॅप्टर कुठला?

रोखठोक:
सीपी२१०२.

टर्मिनलकर:
तो दहा लाख बॉडच्या (सेकंदाला तेवढे बिट) पुढे जात नाही. रॉकचिपचा कन्सोल पंधरा लाखांवर असतो. सीएच३४०वाला घ्या, तो वीस लाखांपर्यंत जातो. मग बूटचा लॉग थेट लॅपटॉपवर पकडा, लाइट गेली तरी हातात राहील.

रोखठोक:
म्हणजे फुकटच्या ओएससाठी आणखी एक खरेदी. मागवतो.