कॅज्युअल्टीतल्या जखमा: कशाने होतात, पैसा कुठे जातो

‘जपून राहा’ हे सगळेच सांगतात. कॅज्युअल्टीत (रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात), कारखान्यात, शेतात, बिलिंगला काम करणाऱ्यांनी इथे नेमकं लिहावं: काय कापतं, काय अडकतं, खर्च कशाने वाढतो.

प्रेस शॉप, भोसरी
पॉवर प्रेसला, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्राला, दोन बटणं असतात ती रॅम (वरून दाबणारा भाग) खाली येताना दोन्ही हात डायबाहेर (साच्याबाहेर) राहावेत म्हणून. नग वाढवायला एका बटणात पाचर बसवतात आणि मोकळा झालेला हात डायमध्ये जातो. बोट तुटलं तर तुकडा सलाइनने ओल्या केलेल्या गॉजमध्ये गुंडाळा, पिशवीत घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. थेट बर्फात टाकलेला तुकडा गोठून मरतो, मग तो जोडता येत नाही. हात मनगटाच्या वर तुटला असेल तर घाई जास्त: गार न ठेवलेला स्नायू सहा तासांपुढे टिकत नाही.

ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) महिना २१,००० रुपयांपर्यंत पगारवाल्यांना लागू आहे. कामावरच्या इजेत रजेच्या काळात सरासरी वेतनाच्या ९० टक्के मिळतात. केसपेपरवर ‘घरी पडला’ असं लिहायला सांगणाऱ्या मुकादमाचं अजिबात ऐकू नका. त्या दोन शब्दांनी कामगाराचा हक्क बुडतो.

परिचारिका, कॅज्युअल्टी
कुत्रा चावला की तिखट, चुना, हळद लावून येतात. त्याऐवजी साबण आणि नळाची धार, पूर्ण १५ मिनिटं. रक्त आलं असेल तर नुसती रेबीजची लस पुरत नाही. इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धच्या तयार अँटिबॉडी) जखमेत आणि जखमेभोवती टोचावं लागतं. डोस वजनावर ठरतो. घोड्यापासूनचं किलोमागे ४० युनिट, माणसापासूनचं २०. म्हणजे ५० किलोला २,००० किंवा १,०००. खाजगीत मोठा खर्च ह्याचाच. कातडीत देतात त्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८. जखम सुकली म्हणून २८वा दिवस चुकवू नका.

मळणी यंत्रवाले
पिकाची शेवटची मूठ यंत्रात रेटताना हात जातो. हाताने रेटू नका, पुढच्या पेंढीने ढकला. पदर खोचलेला, उपरणं काढलेलं, पट्ट्यावर जाळी. अडकलं तर आधी ट्रॅक्टर बंद.

बिलिंग काउंटर
‘आधी पोलीस, मग उपचार’ हा नियम नाही. १९८९ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने तो प्रश्न मिटवलाय. एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या केसची) नोंद उपचार चालू असताना होते. १०८ रुग्णवाहिकेला पैसे पडत नाहीत. रस्ते अपघातासाठी मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे: सात दिवस, दीड लाखापर्यंत, ठरवून दिलेल्या रुग्णालयांत.

बिल फुगतं ते रुग्णालय बदलताना. सीटीची सीडी आणि फिल्म मागे राहिली की दुसरीकडे पुन्हा सीटी. निघताना त्या हातात घ्या, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन किती वाजता दिलं तेही चिठ्ठीवर लिहून घ्या.