रोजेरियस यांच्या ग्रंथाचा १६६३ चा जर्मन अनुवाद : मूळ किती आणि भर किती?

प्रश्न (इतिहासवाचक) :
सतराव्या शतकात युरोपीय वाचकांना जगातील धर्मांची ओळख कशी झाली, यावर वाचन करताना डच धर्मोपदेशक अब्राहम रोजेरियस यांच्या ग्रंथाचा उल्लेख वारंवार आढळतो. मूळ ग्रंथ १६५१ मध्ये लायडन येथे छापला गेला आणि १६६३ मध्ये न्यूरेंबर्गहून त्याचा जर्मन अनुवाद निघाला. कोणी त्याला हिंदू आचारांवरील ग्रंथ म्हणतात, तर कोणी जगातील धर्मांचा वृत्तान्त. यांतले खरे कोणते, आणि दक्षिण भारताच्या अभ्यासासाठी त्यावर कितपत विसंबावे?

उत्तर (दप्तरदार) :
दोन्ही वर्णने खरी आहेत, परंतु ती दोन निरनिराळ्या मजकुरांना लागू पडतात. रोजेरियस डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत सुमारे दहा वर्षे चोलमंडल किनाऱ्यावरील पुलिकत येथे होते. तेथे पद्मनाभ नावाच्या ब्राह्मणाकडून मिळालेली माहिती त्यांनी दोन भागांत मांडली. पहिल्यात ब्राह्मणांचे जीवन व आचार आहेत, तर दुसऱ्यात श्रद्धा व पूजाविधी. जर्मन अनुवादक क्रिस्टोफ आर्नोल्ड यांनी मात्र आशिया, आफ्रिका आणि अमेरिकेतील धर्मांविषयी भलीमोठी पुरवणी जोडली, आणि तिच्यामुळेच ग्रंथाला जगव्यापी रूप आले. आर्नोल्ड कधी भारतात आले नव्हते; पुरवणीचा आधार इतरांचे लेखन हाच आहे. तेव्हा जर्मन आवृत्तीतून उतारा घेताना तो कोणाचा आहे, हे आधी तपासावे.

उत्तर (पोथीवाला) :
पुरवणी वगळली म्हणजे उरलेले सारे निर्भेळ, असेही समजू नये. रोजेरियस यांना संस्कृत येत नव्हते; पद्मनाभाशी त्यांचे बोलणे पोर्तुगीजमधून होई. शिवाय ग्रंथ निघाला तेव्हा रोजेरियस हयात नव्हते, आणि डच आवृत्तीतच दुसऱ्या एका विद्वानाच्या टीपा आहेत. एका ब्राह्मणाने सांगितलेले आचार साऱ्या दक्षिणेचे म्हणून खपवणे तर धाडसाचेच ठरेल.

उत्तर (सुभाषितप्रेमी) :
या ग्रंथाचा एक भाग पडताळून पाहता येतो, तो म्हणजे भर्तृहरीची सुमारे दोनशे सुभाषिते. नीती आणि वैराग्य यांवरील वचने त्यात आहेत, शृंगारशतक नाही. मूळ श्लोक आपल्यासमोर असल्यामुळे पद्मनाभाचे स्पष्टीकरण डचमध्ये उतरताना काय टिकले आणि काय गळले, हे श्लोकागणिक ताडता येते. पूजाविधींच्या प्रकरणांना अशी कसोटी सहसा लावता येत नाही. याच शतकात वामन पंडितांनी भर्तृहरी मराठीत आणला, हा योगायोगही लक्षात घेण्याजोगा आहे. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन विचारवंत हेर्डर यांनी हीच वचने जर्मन वाचकांपुढे ठेवली, तीही रोजेरियस यांच्याच आधारे. प्रश्नकर्त्यांनी सुरुवात याच भागापासून करावी आणि जमल्यास १६७० ची फ्रेंच आवृत्तीही शेजारी ठेवावी.