मदत हवी आहे : दाढीबंदी शिथिल करण्यासाठी निवेदन कसे लिहावे?

माझा भाचा अमेरिकेतील एका चर्चसंचालित विद्यापीठात शिकतो. तेथे दाढी ठेवण्यास मनाई असल्याने, दोन दिवसांचे खुंट दिसताच त्याला परीक्षा केंद्राच्या दारातून परत पाठवले आणि घाईत दाढी करून, कापलेल्या हनुवटीवर कागदाचा कपटा चिकटवून तो पेपरला बसला. श्रद्धेला धक्का न लावता हा नियम शिथिल व्हावा, असे निवेदन त्याला द्यायचे आहे. युटा राज्यातील, मॉर्मन चर्चच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात दाढीबंदी असली, तरी ज्यांचे नाव त्याला दिले आहे ते चर्चचे नेते यंग स्वतः दाढी राखत आणि पूर्वी तेथे न विकल्या जाणाऱ्या कॅफिनयुक्त शीतपेयांची विक्रीही २०१७ मध्ये सुरू झाली. धर्माज्ञा आणि रूढी यांत फरक करता येतो, तो असा. कोणी धार्मिक संस्थेत असे निवेदन दिले आहे का? सह्या आधी गोळा कराव्यात की प्रथम अधिष्ठात्यांना भेटावे?